काजूच्या तुकड्याला चॉकलेटची जोड : ओव्हन नको, भट्टी नको, घरीच बनवा काजू-शेंगदाणा ट्रफल

चंदगड : काजूच्या कारखान्यात अख्ख्या गराला भाव असतो. फोडताना, सोलताना मोडलेल्या मालाची पाकळी, तुकडा आणि कणी अशी वेगळी प्रतवारी होते आणि प्रत उतरली की दरही उतरतो. चव मात्र तीच राहते. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड भागात असा तुकडा घरोघरी असतो. तो भाजीच्या वाटणात जातो, नाहीतर खिरीत. हाच तुकडा, थोडे भाजलेले शेंगदाणे आणि चॉकलेट एवढ्यावर शहरातल्या दुकानात चकचकीत डब्यात मिळणारं ‘ट्रफल’ घरच्या घरी तयार होतं. त्याला ओव्हन लागत नाही, मोठं मशीनही लागत नाही. गॅस, दोन पातेली, मिक्सर आणि वजनकाटा असला की झालं.

राखीपौर्णिमा, गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर अनेक बचतगटांच्या ताई चॉकलेट बनवायला घेतात. काहींचं जमतं. काहींचं चॉकलेट गुठळ्या होऊन वाया जातं, तर काहींचा माल विकला जातो पण हातात काही उरत नाही. त्यामुळे ट्रफल बनवायचं कसं, बिघडतं कुठे, आणि विकायचं ठरवलं तर हिशेब व कायदा काय सांगतो, हे एकत्र समजून घेऊ.

ट्रफल म्हणजे काय?

आपल्याकडे पावसाळ्यात रानात अळंबी उगवते. युरोपात अळंबीच्याच जातकुळीतली एक गाठ जमिनीखाली मिळते, तिला ट्रफल म्हणतात. ती काळपट, ओबडधोबड आणि मातीने माखलेली असते. चॉकलेटचा मऊ गोळा कोको पावडरमध्ये घोळवला की तसाच दिसतो, म्हणून फ्रान्समध्ये या मिठाईला ते नाव पडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा चॉकलेटचा छोटा लाडूच. लाडू वळता येणाऱ्या कोणालाही ट्रफल वळता येतो.

गंमत अशी की यातला कोको, काजू आणि शेंगदाणा ही तिन्ही पिकं मुळात दक्षिण अमेरिकेकडची. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला आणि तो गोवा, कोकणातून घाटमाथ्यापर्यंत रुजला. कोको आज केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतात. कर्नाटकातल्या पुत्तूरला तर सुपारी उत्पादक शेतकऱ्यांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेचा 1986 पासून चॉकलेटचा कारखाना आहे.

आधी चॉकलेट ओळखा

बेकरीच्या साहित्याच्या दुकानात चॉकलेटच्या लाद्या मिळतात. दिसायला सगळ्या सारख्याच असतात, पण त्यात दोन प्रकार आहेत आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिला प्रकार खऱ्या चॉकलेटचा. यात कोकोच्या बियांमधली चरबी, म्हणजे कोको बटर असतं. ते साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या अंगाचं तापमान 37 अंश असतं, म्हणून हे चॉकलेट तोंडात टाकताच विरघळतं. चव उत्तम, पण भाव जास्त. शिवाय ते वितळवून परत घट्ट करायचं असेल तर ठराविक तापमानाला गरम-थंड करत चोळावं लागतं. नाहीतर वरून पांढरट पट्टे येतात आणि चमक जाते.

दुसरा प्रकार कंपाउंड. यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी वापरलेली असते. ते स्वस्त पडतं, वितळवलं की आपोआप नीट घट्ट होतं आणि नवख्या हातालाही जमतं. चव मात्र थोडी कमी आणि तोंडात मेणासारखी लागू शकते. वरच्या आवरणासाठी घरगुती कामाला हे सोयीचं.

ओळखायचं कसं? पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. ‘कोको बटर’ लिहिलं असेल आणि वनस्पती चरबीचा उल्लेख नसेल तर ते खरं चॉकलेट. ‘हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी’ किंवा पाम तेलाचा उल्लेख असेल तर कंपाउंड. दोन्ही वापरायला हरकत नाही, फक्त कंपाउंडचा माल ‘शुद्ध चॉकलेट’ म्हणून विकू नये.

कोको पावडर घेतानाही लक्ष द्या. दुधात घालायच्या चॉकलेट पावडरीत साखर मिसळलेली असते. ट्रफलला बिनसाखरेची, कडवट कोको पावडरच हवी.

काजू-शेंगदाण्याची तयारी

निम्मं काम इथेच आहे. पावसाळी हवेत काजू सादळतो, मऊ पडतो. असा काजू चॉकलेटमध्ये घातला तर चव खाली जाते आणि आतला ओलावा माल लवकर खराब करतो.

काजूचा तुकडा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 6 ते 8 मिनिटं भाजा. फिकट सोनेरी रंग आणि खमंग वास आला की उतरवा. शेंगदाण्याला 10 ते 12 मिनिटं लागतात. गार झाल्यावर चोळून टरफल काढा आणि सुपात पाखडून घ्या. दोन्ही पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका. गरम दाणे फिरवले की तेल सुटतं आणि चिकट गोळा होतो. मिक्सरही थांबत थांबत फिरवा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट शेंगदाणे निवडून फेकून द्या. ‘भाजले की चालतात’ हा गैरसमज आहे. शेंगदाण्यावरच्या एका बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. स्वतःच्या शेतातली शेंग असली तरी ती नीट वाळवलेली आहे का, हे पाहूनच वापरा.

काजूही कारखान्यातला, सोललेला गरच घ्या. झाडाखालची काजू बी घरी फोडून तिचा गर या कामाला वापरू नका. टरफलातलं तेल कातडी भाजतं हे या भागात कोणाला सांगायला नको. तेच तेल गराला लागलं तर तोंडालाही त्रास होतो. काजू फोडायच्या कामावरून आलेल्या हातांनी थेट ट्रफल वळायला बसू नये. हात साबणाने स्वच्छ धुऊन, कोरडे करूनच कामाला लागावं.

पद्धत पहिली : क्रीमचा मऊ ट्रफल (घरी खाण्यासाठी)

साहित्य : डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, पाकिटातलं फ्रेश क्रीम 100 ग्रॅम, लोणी एक छोटा चमचा, भाजलेला काजू तुकडा 80 ग्रॅम, वरून घोळवायला कोको पावडर किंवा काजूची भरड.

कृती :

1. चॉकलेट सुरीने बारीक चिरा. जेवढं बारीक, तेवढं सारखं वितळतं.

2. क्रीम मंद आचेवर गरम करा. कडेला बुडबुडे दिसू लागले की लगेच उतरवा, उकळी आणू नका.

3. गरम क्रीम चॉकलेटवर ओता आणि 2 मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेरच्या बाजूला हळूहळू ढवळा. मिश्रण चमकदार, एकजीव झालं पाहिजे.

4. लोणी आणि काजू तुकडा मिसळा. झाकण ठेवून फ्रिजमध्ये 2 ते 3 तास ठेवा.

5. चमच्याने 15 ग्रॅमचे गोळे काढा. हात गार पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि झटपट वळा. हाताला चिकटू लागलं तर मिश्रण परत 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

6. कोको पावडरीत किंवा काजूच्या भरडीत घोळवा. एवढ्या साहित्यात साधारण 25 नग होतात.

प्रमाण सोपं आहे. डार्क चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. मिल्क चॉकलेट मुळातच मऊ असतं, म्हणून 100 ग्रॅम क्रीमला 250 ते 300 ग्रॅम घ्यावं लागतं. पांढऱ्या चॉकलेटला 300 ग्रॅम धरा. हे प्रमाण चुकलं की गोळा वळत नाही, पातळ राहतो.

क्रीमऐवजी घरची साय चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. लगेच खायचं असेल तर चालेल, पण सायीत दूध राहतं, मिश्रण रवाळ होतं आणि लवकर आंबतं. क्रीमचा ट्रफलही फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायचा. जिथे दिवसातून अनेकदा लाइट जाते, तिथे हा प्रकार विक्रीसाठी करूच नये.

पद्धत दुसरी : खजूर-काजू-शेंगदाणा ट्रफल (टिकाऊ)

यात दूध किंवा क्रीम नाही. खजुराचा चिकटपणाच गोळा बांधतो, त्यामुळे टिकतो जास्त आणि एसटीच्या प्रवासातही तग धरतो.

साहित्य : भाजलेला काजू तुकडा 150 ग्रॅम, भाजलेले सोललेले शेंगदाणे 100 ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर 150 ग्रॅम, कोको पावडर 25 ग्रॅम, साजूक तूप एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ. आवरणासाठी डार्क कंपाउंड 150 ग्रॅम.

कृती :

1. काजू आणि शेंगदाणे जाडसर भरडून घ्या. अगदी पीठ करू नका, दाताखाली कण आला पाहिजे.

2. खजूर मिक्सरला फिरवून लगदा करा. खजूर कडक असेल तर भांड्यात तुपावर 2 मिनिटं मंद आचेवर परतून मऊ करा. पाणी घालू नका.

3. भरड, खजूर, कोको, मीठ एकत्र मळा. गोळा फुटत असेल तर आणखी थोडा खजूर किंवा अर्धा चमचा तूप घाला.

4. काट्यावर 12-12 ग्रॅमचे गोळे मोजून वळा. साधारण 35 नग होतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

5. कंपाउंड वाफेवर वितळवा. खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी घ्या, वरच्या भांड्याचं बूड पाण्याला टेकता कामा नये. पाणी गरम झालं की आच बंद करा आणि त्या वाफेवरच चॉकलेट ढवळत वितळवा.

6. एकेक गोळा काट्याच्या चमच्यावर घेऊन बुडवा, जादा चॉकलेट निथळू द्या आणि बटर पेपरवर ठेवा. ओलं असतानाच वरून काजूची कणी भुरभुरा. घट्ट झालं की कागदापासून आपोआप सुटतं.

तयार नग साधारण 16 ग्रॅमचा होतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, थंड जागी आठवडाभर, तर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो.

कोल्हापूरचा गूळ घालायचा मोह होतो, तो घालता येतो का? वितळलेल्या चॉकलेटमध्ये गूळ घालू नका. गुळात ओलावा असतो आणि चॉकलेटच्या गुठळ्या होतात. गूळ आवडत असेल तर कोरडी गूळ पावडर दोन चमचे, तीही आतल्या खजुराच्या मिश्रणात घाला.

बिघडलं तर काय?

गुठळ्या झाल्या : चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला. ओला चमचा, भांड्यावरची वाफ, झाकणावरून पडलेला एक थेंबही पुरतो. चॉकलेटमध्ये साखर कोरडी असते. थोडंसं पाणी मिळालं की ती एकमेकींना चिकटते आणि वितळलेलं चॉकलेट चिखलासारखं होतं. मग क्रीम घातल्यावर का होत नाही? कारण क्रीममध्ये द्रव भरपूर असतो, साखर त्यात विरघळून जाते. घातक असतं ते ‘थोडंसं’ पाणी. गुठळी झालेलं चॉकलेट फेकू नका. त्यात चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळा, परत सैल होईल. आवरणाला ते चालणार नाही, पण मुलांच्या दुधात घालता येईल.

करपलं : थेट गॅसवर वितळवलं की तळाला करपतं आणि जळका वास येतो. हे दुरुस्त होत नाही. म्हणूनच वाफेवर वितळवायचं. मायक्रोवेव्ह असेल तर 30-30 सेकंद लावून दरवेळी बाहेर काढून ढवळा.

क्रीमच्या मिश्रणातून तेल सुटलं : मिश्रण जास्त तापलं किंवा जोरात फेटलं गेलं. कोमट दूध एक चमचा घालून हळू ढवळा.

पांढरे डाग आले : ही बुरशी असेलच असं नाही. चॉकलेटमधली चरबी किंवा साखर वर आली की पांढरट थर दिसतो. खाण्यास धोका नसतो, पण विक्रीला असा नग देऊ नये. केसाळ, हिरवट थर किंवा कुबट वास असेल तर मात्र ती बुरशी. अख्खा डबा फेकून द्यावा.

फ्रिजमधून काढल्यावर घाम आला : थंड नगावर हवेतलं बाष्प जमतं. डबा बंद ठेवूनच फ्रिजबाहेर काढा, अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या आणि मगच झाकण उघडा. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ही काळजी हवीच.

उन्हाळ्यात अडचण उलटी. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याच्या घरात चॉकलेट घट्टच होत नाही. पहाटे किंवा रात्री काम करा. या दिवसांत चॉकलेटचं आवरण टाळून गोळा नुसत्या कोको पावडरीत किंवा खोबऱ्याच्या किसात घोळवला तरी छान लागतो.

विकायचं असेल तर आधी हा हिशेब मांडा

दर गावागणिक वेगळे असतात. खालचे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या बाजारातले दर घालून तो परत मांडा.

समजा काजू तुकडा 600 रुपये किलो, शेंगदाणे 150, खजूर 200, कोको पावडर 1000 आणि कंपाउंड 400 रुपये किलो आहे. दुसऱ्या पद्धतीच्या एका घाण्याला काजू 90, शेंगदाणे 15, खजूर 30, कोको 25, कंपाउंड 60 आणि तूप-मीठ 5 रुपये, असे 225 रुपये लागतात. 35 नगांचे 7-7 चे 5 डबे होतात. डबे 60, कागदी वाट्या 18, लेबल 10, गॅस-वीज 12 रुपये. एकूण 325. म्हणजे एका डब्याला 65 रुपये.

बहुतेक जणी इथेच थांबतात. ‘डबा 65 ला पडला, 100 ला विकला, 35 सुटले’ असं म्हणतात. पण मेहनत कुठे धरली? दोघीजणी दोन-दोन तास राबल्या तर 4 तास झाले. तासाला 50 रुपये धरले तरी 200 रुपये, म्हणजे डब्यामागे 40. फुटतूट आणि न खपलेल्या मालाचे 5 रुपये धरा. डबा खरा 110 रुपयांना पडला! 100 ला विकला तर दर डब्याला 10 रुपये तोटा, तोही स्वतःच्या मजुरीतून.

आता डब्याची किंमत 140 रुपये ठेवली आणि दुकानदाराला 20 टक्के, म्हणजे 28 रुपये दिले, तर हातात 112 येतात. मजुरी धरून उरले फक्त 2 रुपये. तोच डबा ओळखीत थेट विकला तर 30 रुपये उरतात.

मार्ग एकच, एका वेळी जास्त माल करायचा. चार घाणे एकत्र केले तर वेळ चौपट लागत नाही. दोघींनी चार-चार तासांत 20 डबे काढले तर मजुरी डब्यामागे 20 वर येते. डबा 90 ला पडतो आणि दुकानदाराला देऊनही 22 रुपये शिल्लक राहतात. म्हणून रोज थोडं-थोडं करण्यापेक्षा आधी ऑर्डर गोळा करा, मग एकाच दिवशी माल करा.

काजू सोलायला जाणाऱ्या ताईला तिथे मजुरी ठरलेली असते. घरच्या धंद्यात ती स्वतःच स्वतःची मालकीण असते, आणि अशा वेळी सगळ्यात आधी मजुरीच बुडते. वहीत तासांचा रकाना ठेवला तरच हे दिसतं.

नोंदणी, लेबल आणि सावधगिरी

घरी बनवून विकलेला खाऊसुद्धा अन्न सुरक्षा कायदा 2006 खाली येतो. लहान व्यावसायिकाला मोठा परवाना लागत नाही, ‘बेसिक नोंदणी’ लागते. 2011 च्या नियमावलीत यासाठी वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला 100 रुपये फी ठरवली होती. अर्ज एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर मोबाईलवरूनही करता येतो. अर्ज करताना त्या दिवशीची मर्यादा व फी पोर्टलवर पाहून घ्या, एजंटाने सांगितलेल्या रकमेवर जाऊ नका. अडचण आल्यास जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात विचारा. नोंदणी झाली की 14 आकडी क्रमांक मिळतो, तो डब्यावर छापायचा.

डब्यावर काय असावं : पदार्थाचं नाव, घटकांची यादी (जास्त वजनाचा घटक आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता, किंमत आणि शाकाहारी हिरवं चिन्ह. ‘यात काजू व शेंगदाणे आहेत’ हे ठळक लिहा. काही जणांना दाण्यांची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. चॉकलेटच्या लादीत दूध किंवा सोया असेल तर तेही लिहा.

‘शुगर फ्री’ मात्र लिहू नका. खजुरात नैसर्गिक साखर भरपूर असते आणि कंपाउंडमध्येही साखर असतेच. मधुमेह असलेल्या माणसाने लेबलवर विश्वास ठेवून खाल्लं तर त्रास त्याला होईल आणि जबाबदारी तुमच्यावर येईल.

टिकण्याची तारीख अंदाजाने टाकू नये. पहिल्या घाण्यातले 10 नग विक्रीच्याच डब्यात, घरातल्याच तापमानाला ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी एक नग फोडून वास, चव पाहा आणि वहीत लिहा. जिथे चव बदलली, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापा.

गट वाढवायचा असेल तर 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आणि बचतगटाच्या सदस्याला 40 हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. सध्या अर्ज घेणं सुरू आहे का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कक्षात विचारून घ्या. पण दोन सणांचा माल स्वतः विकून पाहिल्याशिवाय कर्ज काढू नये.

व्हॉट्सॲपवर ‘घरबसल्या चॉकलेट बनवा, मशीन आमचं, माल आम्हीच घेतो’ असे मेसेज फिरतात. आधी डिपॉझिट किंवा मशीनचे पैसे मागितले की सावध व्हा. वरच्या कृतीत कुठेही मशीन लागलेलं नाही.

मुलं आणि मुकी जनावरं

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा काजू, शेंगदाणा किंवा मोठे तुकडे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी भरड अगदी बारीक करा आणि गोळाही छोटे तुकडे करून समोर बसून खाऊ घाला. दारातल्या कुत्र्याला चॉकलेट टाकू नका. कोकोमधला थिओब्रोमिन हा घटक कुत्र्याला पचत नाही, विषबाधा होते. डार्क चॉकलेट आणि कोको पावडर तर जास्तच घातक.

सुरुवात कशी करावी?

सणाला दीड महिना असताना दुसऱ्या पद्धतीचा एकच घाणा करा. 10 नग टिकाऊपणा पाहायला बाजूला ठेवा, बाकीचे शेजारी आणि नात्यात वाटा. ‘छान आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. गोड जास्त झालं का, आवरण जाड आहे का, 140 रुपये दिले असते का, हे स्पष्ट विचारा. मग प्रमाण बदलून दुसरा घाणा. तोवर नोंदणीचा अर्ज टाकून ठेवा. सणाला पंधरा दिवस असताना ऑर्डर आणि निम्मी आगाऊ रक्कम घ्या, आणि माल शेवटच्या चार-पाच दिवसांत करा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात ताजा जाईल.

घरी खायचं असेल तर एवढाही खटाटोप नको. पाव किलो काजू तुकडा, थोडे शेंगदाणे आणि चॉकलेटची एक लादी आणा. संध्याकाळी मुलांना वळायला बसवा, रात्री जेवणानंतर डबा उघडा.